थोरलीचा अठ्ठेचाळिसावा ठोका

सव्वीस वर्षं मुक्या असलेल्या मनोऱ्यातली घंटा एका मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी वाजली, आणि ती मी वाजवली. मुद्दाम नाही. मुद्दाम काही करून दाखवण्याइतका मी कर्तबगार नाही. माझ्या हातून आजवर जे काही घडलं ते तोल जाऊनच घडलेलं आहे.

झालं असं, की चर्चच्या मनोऱ्याची दुरुस्ती निघाली आणि त्यातल्या पाच घंटा खाली उतरवायचं ठरलं. चिटणीस माझ्याकडे आले. म्हणाले, "या घंटांचा इतिहास लिहून द्या. छोटी पुस्तिका काढू. तुम्ही एवीतेवी काहीतरी लिहीतच असता." त्या 'एवीतेवी'कडे मी मोठ्या मनानं दुर्लक्ष केलं. त्यांनी किल्ली दिली आणि एकच सूचना केली, "वर कशालाही हात लावू नका."

मनोऱ्याला चौऱ्याऐंशी पायऱ्या आहेत. ब्याऐंशीपर्यंत मी सूचना तंतोतंत पाळली. त्र्याऐंशीव्या पायरीवर एक कबूतर, स्वतःचं घर असल्यासारखं नव्हे, ते त्याचंच घर असल्यामुळे, थेट माझ्या तोंडावर आलं. मी पुढे झेपावलो आणि हाताला जे लागलं ते घट्ट धरलं. हाताला दोर लागला. वरून 'टण्ण' असा आवाज आला आणि माझ्या डोक्यावर पाव शतकाची धूळ बसली.

खाली हलकल्लोळ. समोरच्या सलूनवाल्याचा हात हलला आणि एका प्रतिष्ठित गृहस्थांची डावी मिशी उजवीपेक्षा अर्ध्यानं कमी झाली. बेकरीवालीला वाटलं, कुठंतरी आग लागली. तिनं आधी गल्ला बाहेर काढला आणि मग नवऱ्याला. शाळेत तर शाळा सुटली असं समजून दोन वर्ग घरी गेले, आणि त्यांच्यामागोमाग एक मास्तरही.

मी वर धूळ झटकत उभा असताना जिन्यातून खोकल्याचा आवाज येऊ लागला. पाच पायऱ्या, खोकला. पाच पायऱ्या, खोकला. शेवटी दारात एक वाळकुडा म्हातारा उभा राहिला. एका हातानं भिंत धरलेली, दुसऱ्या हाताच्या बोटांत ओल्या वेताची पट्टी तशीच अडकलेली. हातातलं काम टाकायचंही भान न राहता ते आले होते.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही, काका. माझा तोल गेला."

"मग भिंत धरायची. दोर का धरलात?"

"हाताला लागला म्हणून..."

"हाताला लागलं म्हणून काहीही धरायचं नसतं." मग त्यांनी मान वर केली. आजारी नातेवाइकाचा चेहरा बघावा तसे ते छताकडे बघत राहिले. "धाकटी होती ना ही? आवाज बसलाय हिचा."

मी अजून दोर धरूनच उभा होतो. त्यांनी एकेक बोट सोडवून तो माझ्या हातातून काढून घेतला, नीट वेटोळं करून खुंटीवर चढवला आणि आले तसे खोकत खाली गेले.

हे दोरकाका. त्यांचं खरं नाव चर्चच्या दप्तरात असणार, पण ते शोधायची वेळ कोणावर आली नव्हती. वयाच्या अकराव्या वर्षी त्यांनी मनोऱ्यातला दोर हाती घेतला आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी सोडला. आता ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. पोटासाठी ते वेताच्या खुर्च्या विणत. त्यांच्या खोलीत गेलं की भिंतीवर खुर्च्या, छताला खुर्च्या, पलंगाखाली खुर्च्या; आणि बसायला एकही नाही. कोणाचं बूड विणून व्हायचं असे, कोणाचं नुकतंच होऊन वाळायचं असे. मी पंधरा दिवस त्यांच्याकडे जात होतो आणि पंधरा दिवस खिडकीच्या कठड्यावर टेकून इतिहास गोळा करत होतो. तो कठडा माझ्या पाठीला अजून आठवतो.

पहिले काही दिवस ते फार बोलले. हाताखाली वेत चालू, आणि तोंडानं घंटा. घंटा पाच. शंभराच्या वर वर्षं झाली त्यांना येऊन. दोर ओढणाऱ्यांनी त्यांना ठेवलेली नावं अशी : धाकटी, नणंद, जाऊ, सासू आणि थोरली.

"वाजवायच्या त्याही त्याच क्रमानं," काका म्हणाले. "आधी धाकटी काहीतरी बोलते. लगेच नणंद. मग जाऊ तोंड घालते. मग सासू. हे सगळं चाललेलं असतं, आणि मग थोरली एकदाच बोलते. की घर गप्प."

"आणि थोरलीनंतर?"

"थोरलीनंतर पुन्हा धाकटी. घर आहे ते. एकदा गप्प बसलं म्हणून कायमचं बसतं होय?"

पाच बैलगाड्यांतून त्या आल्या. चार नीट आल्या, थोरलीची गाडी गावाबाहेर ओढ्यात रुतली. वजन जवळजवळ एक टन. तीन दिवस गाव जाऊन जाऊन तिला बघत होतं. चौथ्या दिवशी फादर स्वतः चिखलात उतरले तेव्हा चाक हललं. "मानपान झाल्याशिवाय उठलीच नाही बया," काका सांगत. हे त्यांच्या आजोबांनी पाहिलेलं. आजोबांनी सांगितलं वडिलांना, वडिलांनी दादांना आणि यांना, आणि प्रत्येकानं सांगताना फादर आणखी थोडे चिखलात घातले असावेत; कारण काकांच्या गोष्टीत ते गळ्यापर्यंत होते.

दादा म्हणजे काकांचे थोरले भाऊ. लाकडाच्या वखारीत कामाला. धिप्पाड माणूस, दारातून आत येताना आधी खांदा मग दादा असे यायचे म्हणे. थोरलीचा दोर त्यांच्याकडे आणि पाचही जणांवर हुकूम त्यांचाच. काकांकडे सदतीस वर्षं धाकटीचा दोर.

"तुम्हाला कधी थोरली वाजवावीशी नाही वाटली?" मी विचारलं.

"वाटली की. रोज. दादांना म्हणायचो, एकदा द्या. ते म्हणायचे, धाकट्या, तुझं वजन किती, तिचं किती? ती तुला वाजवेल."

हे सांगताना ते हसले. मग मी विचारलं, "आणि थोरली फुटली कशी?"

"फुटली."

"पण कशी?"

"तडा गेला की फुटते." एवढं बोलून त्यांनी खुर्ची उलटी केली आणि तिच्या पायांत डोकं घातलं. त्या दिवशी इतिहास तिथेच थांबला.

मग मी चर्चची जुनी कागदपत्रं उघडली. त्यात सगळं होतं. थोरलीच्या पोटातला जुना लोखंडी लोळा झिजला म्हणून दादांनी लोहाराकडून नवा करून बसवला. तो जुन्यापेक्षा जड झाला. जुन्या लोकांनी कुरकुर केली, दादांनी ऐकलं नाही. दोन महिन्यांनी थोरली तडकली. तीही नेमकी दादांच्या आणि काकांच्या आईच्या मयताला. सभा भरली, दादांनी चूक कबूल केली, किल्ली टेबलावर ठेवली आणि पुन्हा मनोऱ्याची पायरी चढले नाहीत. थोरली नाही म्हणून बाकीच्या चौघींना वाजवायला कोणी जाईना. ती नवी ओतायची नुसती बोलणीच झाली, वाजवणारे पांगले, आणि शेवटी मनोऱ्यावर कर्णा बसवण्यात आला. तेव्हापासून आमच्याकडे कुठल्यातरी परक्या गावच्या घंटा टेपवर वाजतात. एका लग्नात ती टेप अडकली आणि नवरानवरी तब्बल वीस मिनिटं पायरीवर हसऱ्या चेहऱ्यानं उभी होती. तेवढं हसू पुढच्या संसारात त्यांना पुरलं नाही, असं लोक म्हणतात.

मी हे सगळं लिहिलं, चांगलं लिहिलं, आणि काकांना वाचून दाखवायला गेलो.

दुपारी एकची वेळ होती. काकांची खोली आणि वहिनींचं घर यांच्यामध्ये एक दार आहे. वहिनी म्हणजे दादांच्या पत्नी. दादा जाऊन अकरा वर्षं झाली. काकांनी लग्न केलं नाही. ते मधलं दार दिवसातून दोनदा उघडायचं आणि वहिनी पायानं ते ढकलत, दोन्ही हातांत झाकलेलं ताट घेऊन आत यायच्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, पण आवाज सासूसारखा, म्हणजे घंटेतल्या सासूसारखा.

"भाऊजी, हे लिहिणारे जेवणार आहेत की नुसते कठड्यावर कावळ्यासारखे बसणार?"

"कावळा वाचून दाखवतोय, वहिनी," मी म्हणालो. "तुम्हीही ऐका. आणि जरा तुमच्या दिरांना बोलतं करा."

"छप्पन्न वर्षं करतेय. तुम्ही आत्ता कुठे आलात."

मी वाचलं. वहिनी बैलगाड्यांना हसल्या, फादर बुडाले तिथं पदर तोंडाला लावला. मग मी ते वाक्य वाचलं : 'थोरल्या बंधूंनी हट्टानं बसवलेल्या जड लोळ्यामुळे ही घंटा कायमची निकामी झाली.'

वहिनी ताट हातात घेऊनच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. तेच लिहा. खोटं कशाला लिहायचं? पण त्यांनी ते आयुष्यभर मनाला लावून घेतलं, तेही लिहा. वखारीत लोक तोंडावर म्हणायचे, आईच्या मयताला घंटा फोडणारा. हे उलटून एक शब्द बोलायचे नाहीत. मी विचारलं तर म्हणायचे, विषय नको." मग त्या काकांकडे वळल्या. "आणि या माणसाचंही लिहा. आई यांचीही होतीच की. फुटक्या आवाजावर गेल्या आई. पण भाऊजींनी दादांना कधी एका शब्दानं दुखवलं नाही. मी दर वर्षी त्या दिवशी भाऊजींची माफी मागते, आमच्या ह्यांच्यातर्फे. भाऊजी नुसती मान हलवतात. कुठून आणतात एवढं मन, देव जाणे."

काकांच्या हातातला वेत कट्कन तुटला. पंधरा दिवसांत त्यांच्या हातून वेत तुटलेला मी पाहिला नव्हता.

"जेवून घ्या," म्हणत वहिनींनी ताट ठेवलं आणि दार ओढून घेतलं. काकांनी ताटावरचं झाकण काढलं नाही. मी निघालो तरी ते झाकणाकडेच बघत बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात. माझ्या घरी ते पहिल्यांदाच येत होते. चहा म्हटलं, नको. बसा म्हटलं, नको. "किल्ली घ्या," म्हणाले. "आणि कुठंही तोल जाऊ देऊ नका."

दर वीस पायऱ्यांना बसत बसत आम्ही दोरांच्या खोलीत पोचलो. तिथं भिंतीवर एक फळा आहे. रंग उडालेला, पण वाचता येतो. त्यावर तीन नियम. एक : दोर ओला करू नये. दोन : वाजवताना बोलू नये. तीन : लोळ्याला दोर बांधू नये. दुसऱ्या नियमाखाली कोणीतरी पेन्सिलीनं 'आमच्या घरीही हा लावावा' असं लिहून ठेवलं होतं. मी ते वाचून हसलो. काकांनी तिसऱ्या नियमावर बोट ठेवलं.

"याचा अर्थ कळतो?"

"नाही."

"घंटा वाजवायची म्हणजे अख्खी घंटा झुलवायची. दोर तिच्या चाकाला असतो. ती झुलते, लोळा आपल्या वजनानं येतो, आपटतो आणि त्याच क्षणी मागं जातो. तिला थरथरायला मोकळं सोडतो. पण झुलवायला अंगात ताकद लागते. मग आळशी माणूस काय करतो? घंटा तशीच राहू देतो आणि दोर बांधतो थेट लोळ्याला. एका हातानं ओढलं तरी वाजते. लहान पोरसुद्धा वाजवेल. फक्त एवढंच, की ओढून लगेच सोडावं लागतं. लोळा टेकून राहिला आणि तिला थरथरताना दाबून धरलं, तर एवढी एक टनाची बाई, पण तडकते."

मग ते शिडीनं वर गेले. मी मागून. थोरली मधोमध होती, माझ्या छातीपर्यंत. तिच्या एका कडेपासून हातभर वर केसासारखी रेघ गेलेली. काकांनी रेघेला हात लावला नाही. बाजूच्या कडेवरून आतून बोट फिरवलं.

"झुलवलेली घंटा दोन्ही बाजूंना झिजते. बघा, इथं आणि त्या समोर, दोन्हीकडे गुळगुळीत आहे. शंभर वर्षांची ती झीज. आता ही खूण बघा." तड्याच्या मुळाशी एक बोटभर उजळ ठिकाण होतं. "असली खूण एका बाजूलाच आहे. समोर नाही. जड लोळ्यानं फुटली असती तर दोन्हीकडं मार दिसला असता. कोणाही जाणत्याला एका नजरेत कळेल."

मी जाणता नव्हतो, पण मला कळलं.  मग काकांनी त्या दिवसाचं सांगितलं, ते असं.

काकांची आई गेली तेव्हा एक्याऐंशी वर्षांची होती. मयताला थोरली एकटीच वाजायची. जेवढं वय तेवढे ठोके. थोरल्या मुलानं शवपेटीला खांदा द्यायचा म्हणून दादा खाली. ते म्हणाले, "धाकट्या, थोरलीवर आज तू उभा राहा." सदतीस वर्षं ज्या दोराकडे बघत काढली तो धाकट्याला आईच्या मरणानं मिळाला. तो चौऱ्याऐंशी पायऱ्या चढून वर आला. तीन रात्रींचं जागरण अंगात होतं. दोर ओढला, थोरली हलली आणि पुन्हा जागेवर. पुन्हा ओढला. दोराला लोंबकळला. ती जरा कुरकुरली, पण झुलेना. दादा म्हणायचे ते खरं होतं, वजन कमी पडत होतं. दुसऱ्या कोणाला हाक मारायची तर सगळे खाली मयतात. खिडकीतून पाहिलं तर लोक कोपऱ्यावर आलेसुद्धा. आई मनोऱ्याखालून जाणार आणि घंटा मुकी, हे त्याला सोसेना. कोपऱ्यात जादा दोराचं भेंडोळं होतं. तो शिडीनं वर गेला, लोळ्याला गाठ मारली, दोर फटीतून खाली सोडला, आणि खाली येऊन ओढला.

थोरली बोलली. एका हातानं, इतकी सहज, की त्याला स्वतःची लाज वाटली आणि हायसंही वाटलं. तो मोठ्यानं मोजू लागला. एक. सोड. दोन. सोड. दहा. वीस. चाळीस. हात आपोआप चालत होता. सत्तेचाळीसला पेटी बरोबर मनोऱ्याखाली आली आणि थांबली. दादांनी खांदा बदलला. वरून ती पेटी फार लहान दिसली. आई एवढी लहान कशी झाली, असं त्याच्या मनात आलं. अठ्ठेचाळीसला त्यानं दोर ओढला आणि ओढूनच धरला. रडू आलं की माणूस काहीतरी घट्ट धरतो. त्याच्या हातात दोर होता.

किती वेळ धरला ते त्याला माहीत नाही. वरून आवाज आला तो घंटेचा नव्हता. भांड्यावर भांडं पडावं तसा. खाली सगळ्यांनी मान वर केली. दादांनीही केली. मग दादांनी मान खाली घातली आणि पाऊल उचललं.

"आणि पुढचे ठोके?" मी विचारलं.

"एक्याऐंशी द्यायचे होते. तेहेतीस राहिले होते," काका म्हणाले. "ते दिले. फुटकेच दिले. मध्येच थांबवून आईचं वय कमी करू?"

मग त्यांनी गाठ सोडली, दोर गुंडाळून कोपऱ्यात ठेवला आणि धावत दफनभूमी गाठली.

दुसऱ्या दिवशी दादा एकटे मनोऱ्यात जाऊन आले. घरी आले तेव्हा धाकटा ओट्यावर बसला होता. दादांनी त्याचा उजवा हात धरला, तळवा उलटा केला. नवीन दोराचं काचलेलं होतं. दादा म्हणाले, "दुखतं का रे?" हा म्हणाला, "नाही." दादांनी आतून तेल आणून हातावर चोळलं आणि वखारीत गेले.

सभा तिसऱ्या दिवशी होती. "मी ठरवून गेलो होतो," काका म्हणाले. "शेवटच्या बाकावर बसलो. चिटणिसांनी विचारलं, कसं झालं? मी उठणार एवढ्यात दादा उभे राहिले. म्हणाले, लोळा मी बसवला होता. मी उठतो उठतो म्हणेपर्यंत सभा संपली. सव्वीस वर्षं झाली. मी अजून उठतोच आहे."

"दादा नंतर कधी बोलले याबद्दल?"

"नाही. पंधरा वर्षं एका ताटात जेवलो. ते गेले तेव्हा त्यांना एकाहत्तर ठोके द्यायला हवे होते. कर्ण्यावर टेप लावली. टेपला वय कळत नाही. पाळण्यातलं असो नाहीतर नव्वदीचं, तीच चार मिनिटं." थोरलीच्या कडेवरून त्यांनी एकदा पंजा फिरवला. "दादांचं नाव काढा त्यातून."

"काढतो. आणि कोणाचं घालू?"

ते शिडी उतरू लागले. 

मी दोन दिवस त्या एका वाक्याशी झुंजलो. माझा स्वभाव असा, की भांडणात मध्यस्थी करायला गेलो तर दोघांनाही चहा पाजून येतो आणि भांडण तसंच राहतं. काकांना उरलेलं माणूस एकच होतं. रोज दोनदा ते मधलं दार उघडत होतं म्हणून ते जिवंत होते, आणि नुसतं जेवणामुळे नव्हे. माझ्या एका ओळीनं ते दार बंद करायचं? शेवटी मी अशी ओळ लिहिली, की तिच्यात कोणीच सापडू नये : 'पुढे कालमानाने थोरलीस तडा गेला.' स्वतःवर खूश झालो. 'कालमानाने' हा फार सोयीचा शब्द आहे. त्याच्यावर काहीही ढकललं तरी तो उलटून बोलत नाही. पुस्तिका दुसऱ्या दिवशी छापायला जायची होती.

मी काकांकडे गेलो तेव्हा दीड वाजला होता. खोलीत धूर. काका शेगडीपुढे उकिडवे बसले होते आणि एका भांड्यात काहीतरी ढवळत होते. ते काय होतं हे भांड्यालाही सांगता आलं नसतं.

"आज स्वयंपाकघरात बढती?" मी म्हणालो. ते हसले नाहीत. मी आपला कठड्यावर टेकलो. "हे ऐका. दादांचं नाव काढलंय. तुमचंही नाही." आणि ती ओळ वाचली.

"कालमानाने म्हणजे?"

"म्हणजे... वय झालं म्हणून."

"ती आणखी दोनशे वर्षं वाजली असती."

"काका, वाचणाऱ्यांना ते कुठं ठाऊक आहे?"

"दादांना होतं."

भांड्यातलं करपायला लागलं. त्यांनी ते खाली उतरवलं, फडकं न घेता, नुसत्या हातांनी. इतक्या वर्षांच्या वेतानं आणि दोरानं त्या तळव्यांना बहुधा काही लागत नसावं. त्यांनी पाणी पिऊन पेला पालथा घातला. पलीकडच्या घरात कोणीतरी वावरत होतं; पावलं मधल्या दारापर्यंत येत होती आणि परत जात होती.

मी समजुतीच्या सुरात सुरुवात केली. या सुराची मला सवय आहे आणि तो कधीच कामाला आलेला नाही. म्हटलं, "ऐका माझं. दादांनी मोठ्या मनानं झाकलं ते तुमच्यासाठीच ना? आई गेल्या, दादा गेले. घंटाही आता खाली येतील, कोणी वाजवणार नाही. तुमचं वय चौऱ्याहत्तर. आता कोणाचं काय अडलंय? वाक्य असंच राहू द्या. दादांवरचा डाग गेला, तुमच्यावर आला नाही. वहिनींच्या मनात तुमच्याबद्दल जे आहे ते तरी राहील. नाहीतर उद्या पुस्तिका त्यांच्या हातात पडेल, त्या वाचतील. त्यांना कळलं तर काय कराल, सांगा बरं?"

काकांनी करपलेलं ताटलीत काढून घेतलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "वहिनींना काल सांगितलंय, तुम्ही माझं नाव घाला."